बुलेट ३५०: नवे कॅम बसवल्यापासून टायमिंगच्या बाजूने गिअरचा आवाज येतो, नेमका दोष कसा ओळखावा?

कृष्णाकाठ (कराड)

सर्वांना नमस्कार. माझ्याकडे १९९६ सालची रॉयल एनफिल्ड बुलेट ३५० आहे. कास्ट आयर्नच्या सिलिंडरचे जुने इंजिन, चार गिअर, उजव्या पायाने टाकायचा गिअर आणि पॉइंटचे इग्निशन, असे तिचे मूळ रूप अजून तसेच आहे. वडिलांनी ती नवी घेतली होती आणि गेली अकरा वर्षे मी ती रोज चालवतो.

उन्हाळ्यात एक्झॉस्टचा टॅपेट (कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्या मधला सरकता भाग) दर आठ-पंधरा दिवसांनी ढिला पडू लागला. टायमिंग कव्हर, म्हणजे कॅमच्या गिअरवरचे उजवीकडचे झाकण, उघडल्यावर एक्झॉस्ट कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या फिरत्या भागाच्या) उंचवट्यावर खड्डे पडलेले दिसले. बोट फिरवले की नख अडकत होते. गावातल्या एका गॅरेजमध्ये दोन्ही कॅम आणि दोन्ही टॅपेट नवे बसवून घेतले. क्रँकवरचे पिनियन (कॅमचे गिअर फिरवणारे छोटे गिअर) आणि डिस्ट्रिब्युटरकडे (ठिणगीची वेळ साधणाऱ्या भागाकडे) जाणारे मधले गिअर चांगले दिसत होते, म्हणून ते जुनेच ठेवले.

त्या दिवसापासून उजव्या बाजूने एक बारीक, सलग आवाज येऊ लागला आहे. त्याला टकटक म्हणता येणार नाही. पिठाच्या गिरणीचा पट्टा वेग घेताना जसा सूर चढत जातो, त्या जातीचा तो आहे. थंड इंजिनाला तो स्पष्ट ऐकू येतो आणि दहा-बारा किलोमीटर गेल्यावर कमी होतो, पण पूर्ण जात नाही. आयडलवर (थ्रॉटल न देता) तो एकसारखा न राहता थरथरल्यासारखा येतो. गाडीच्या ताकदीत किंवा स्टार्टिंगमध्ये काहीही फरक नाही. गॅरेजवाले म्हणतात की पाचशे किलोमीटर चालवा, दाते एकमेकांत बसतील. दुसऱ्या एका मिस्त्रींनी सांगितले की सगळे गिअर बदलून टाका. अंदाजाने पुन्हा खर्च करण्याची माझी तयारी नाही. इंजिन उघडण्याआधी दोष कुठे आहे हे कसे ठरवावे, आणि तोवर गाडी चालवणे योग्य आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

घाटवाट (सातारा)

नमस्कार. आपण आवाजाचे वर्णन नीट केले आहे, त्यामुळे बोलायला आधार मिळतो. तरीही तो टायमिंगच्याच बाजूचा आहे हे आधी पक्के करावे, कारण बुलेटच्या इंजिनात आवाज धातूतून फिरतो आणि डावीकडचा प्रायमरी चेन (इंजिनाकडून क्लचकडे जाणारी साखळी) किंवा मागचा गिअरबॉक्स उजवीकडून बोलतो आहे असे वाटू शकते.

गाडी मेन स्टँडवर घ्या, न्यूट्रलमध्ये चालू ठेवा आणि क्लच पूर्ण दाबून धरा. क्लच सोडलेला असताना गिअरबॉक्समधले शाफ्ट फिरत असतात आणि दाबल्यावर ते थांबतात. त्यामुळे क्लच दाबल्यावर आवाज बदलला तर कॅमचा नाद सोडून द्यावा आणि गिअरबॉक्स पाहावा. रस्त्यावरही एक खूण मिळते. या गिअरबॉक्समध्ये चौथा गिअर थेट असतो, म्हणजे भार दात्यांच्या जोडीतून जात नाही. जो आवाज दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये येतो आणि चौथ्यात बराच विरतो, तो बहुतेक वेळा गिअरबॉक्सचा असतो. उलट, गिअर कोणताही असो, जो सूर फक्त इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर चढतो आणि उतरतो, तो इंजिनाच्याच आतला असतो.

एवढे झाल्यावर लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर घ्या, त्याची मूठ कानामागच्या हाडाला टेकवा आणि टोक टायमिंग कव्हरवर एकेका ठिकाणी ठेवत जा: क्रँकच्या समोर, दोन्ही कॅमच्या स्पिंडलसमोर (कॅम ज्यावर फिरतो त्या दांड्यासमोर), मग मागे डिस्ट्रिब्युटरकडे. आवाज कुठे मोठा आहे यापेक्षा कुठे धारदार आहे याकडे लक्ष द्या, कारण कव्हरचा सपाट पातळ भाग कोणताही आवाज मोठा करून दाखवतो. डिस्ट्रिब्युटरपाशी तो धारदार वाटला तर ऑटो अॅडव्हान्सची (वेगाबरोबर ठिणगीची वेळ बदलणारी) वजने आणि मधल्या गिअरचे स्पिंडल हेही संशयित ठरतात. हे सगळे इंजिन थंड असतानाच करा. आपला आवाज गरम झाल्यावर कमी होतो, म्हणजे पुरावा सकाळीच मिळणार.

पुशरॉड (नाशिक)

घाटवाट यांच्या सूचनांशी मी सहमत आहे, मात्र गिअरवर येण्याआधी टॅपेट एकदा स्वतःच्या हाताने तपासावेत असा माझा आग्रह आहे. कॅम बदलला की त्याच्या गोल भागाचे माप जुन्या झिजलेल्या कॅमपेक्षा थोडे वेगळे निघते आणि जुने सेटिंग उपयोगाचे राहत नाही. कॅम बसवल्यावर पहिल्या काही तासांत टॅपेट पुन्हा लावावे लागतात, आणि हे काम घाईत राहून जाते.

रीत आपल्याला माहीत असेलच. इंजिन पूर्ण थंड, पिस्टन कंप्रेशनच्या वेळी वरच्या टोकाला, बाजूचे टॅपेट कव्हर काढलेले. पुशरॉड (टॅपेटपासून वर व्हॉल्व्हकडे जाणारा दांडा) दोन बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली किंचितही हलता कामा नये. अॅल्युमिनियमच्या पुशरॉडमुळे या इंजिनात थंडपणी फट ठेवायची नसते. लॉकनट आवळताना सेटिंग सरकते, म्हणून आवळल्यानंतर पुन्हा फिरवून पाहावे.

फरक ओळखण्याची एक सोपी खूणही आहे. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. आयडल ९०० फेऱ्यांवर असेल तर क्रँक सेकंदाला १५ वेळा फिरतो आणि प्रत्येक कॅम साडेसात वेळा. ढिला टॅपेट साडेसातच्या ठोक्याने सुटी सुटी टकटक करतो. दात्यांचा सूर मात्र सलग असतो, कारण सेकंदाला कितीतरी दाते एकमेकांना भेटत असतात. आपण टकटक नाही असे लिहिले आहे, तेव्हा टॅपेटची शक्यता मला कमी वाटते; पण दहा मिनिटांत जी गोष्ट निकालात काढता येते ती शिल्लक ठेवून इंजिन उघडू नये. टायमिंगचा एखादा दाता चुकला असता तर स्टार्टिंग बिघडले असते, किकने उलटा फटका दिला असता किंवा गाडी ओढायला मंद झाली असती. तसे काही नाही, म्हणजे खुणा जुळवूनच कॅम बसवले आहेत.

उद्यमनगर (कोल्हापूर)

माझे आयुष्य लेथ आणि गिअर कटिंगच्या कामात गेले आहे आणि घरात दोन जुन्या बुलेट आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सरळ दात्यांचे गिअर दोन वेगवेगळ्या कारणांनी ओरडतात आणि त्या दोन आवाजांचा स्वभाव एकमेकांच्या उलट असतो. दात्यांमध्ये मोकळीक जास्त असली की आयडलवर खडखड येते. व्हॉल्व्ह उघडताना स्प्रिंग कॅमला मागे रेटते आणि व्हॉल्व्ह मिटताना तीच स्प्रिंग कॅमला पुढे ढकलते. त्या एका क्षणी कॅमचा गिअर पिनियनच्या पुढे धावतो, दात्याची एक बाजू सुटते आणि दुसरी बाजू आपटते. एका सिलिंडरच्या इंजिनात आयडलवर क्रँकची गतीही असमान असते, त्यामुळे हे आपटणे जास्त ऐकू येते आणि थोडा थ्रॉटल दिला की कमी होते. मोकळीक फार कमी असली तर गोष्ट वेगळी. तिथे आपटायला जागाच नसते. दाते एकमेकांत रुतून घासतात आणि सलग सूर निघतो, जो फेऱ्यांबरोबर चढत जातो आणि थ्रॉटल सोडला तरी थांबत नाही.

आता आपली दुसरी खूण घ्या, म्हणजे थंडपणी जास्त आणि गरम झाल्यावर कमी. केसिंग अॅल्युमिनियमचे आहे, गिअर पोलादाचे. उष्णतेने अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. दोन स्पिंडलमधले अंतर ५० मिमी धरले आणि इंजिन ७० अंशांनी तापले, तर गिअरच्या वाढीपेक्षा ते अंतर साधारण ०.०४ मिमी जास्त वाढते. ऐकायला हे माप क्षुल्लक वाटेल, पण अशा गिअरमध्ये मी एकूण मोकळीकच ०.०५ ते ०.१० मिमी धरतो. म्हणून गरम इंजिनात घट्ट जोडी सैल होते आणि सूर उतरतो. ढिली जोडी असती तर गरम झाल्यावर तिची खडखड वाढली असती. आपल्या दोन्ही खुणा एकाच दिशेने बोट दाखवतात: कुठेतरी जोडी घट्ट आहे.

आयडलवरची थरथर हा मला सर्वांत महत्त्वाचा पुरावा वाटतो. सगळीकडे सारखी घट्ट असलेली जोडी एकसुरी आवाज करते. आवाज फेरीमागे चढ-उतार करत असेल तर गिअर मध्याशी जुळलेला नाही, म्हणजे त्याचे भोक आणि दात्यांचे वर्तुळ यांचे केंद्र एक नाही, किंवा स्पिंडल केसिंगमध्ये ढिले होऊन हलते आहे. बाजारात मिळणाऱ्या कॅममध्ये मापाचा फरक असतो. जुन्या पिनियनशी एक नवा कॅम छान जुळतो आणि त्याच खोक्यातला दुसरा जुळत नाही, हे मी स्वतः पाहिले आहे.

हे तपासायचे तर कव्हर उघडावे लागेल, पण पद्धतशीर उघडा. ऑइल आधी काढून घ्या. कव्हरचे स्क्रू सारख्या लांबीचे नसतात, म्हणून पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून प्रत्येक स्क्रू आपल्या जागी टोचून ठेवा. रॉकर (पुशरॉडच्या जोराने व्हॉल्व्ह दाबणारे वरचे भाग) उतरवून पुशरॉड बाहेर काढा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि तिथेच फसतात: स्प्रिंगचा दाब कॅमवर असेल तर गिअर सतत एका बाजूला दाबलेला राहतो आणि हाताला खरी मोकळीक लागतच नाही. प्लग काढा, टॉप गिअर टाका आणि मागचे चाक हाताने हळू फिरवा. कॅमच्या गिअरवर खडूने चार खुणा करा आणि प्रत्येक खुणेवर थांबून, क्रँक स्थिर धरून, गिअर बोटांनी मागे-पुढे हलवून पाहा. डायल गेज (सूक्ष्म हालचाल काट्यावर दाखवणारे साधन) मिळाली तर उत्तम. नसेल तर सोल्डरची बारीक तार दात्यांमध्ये घालून चाक फिरवा. तार दात्याच्या दोन्ही बाजूंना चेपते, त्या दोन चेपलेल्या भागांची जाडी मायक्रोमीटरने मोजून बेरीज केली की ती त्या जागेची मोकळीक. कॅम स्पिंडलवर मागे-पुढे किंचित सरकतो ना, तेही पाहा. जुने पॅकिंग काढून नुसती पेस्ट लावली असेल किंवा एखादे शिम (पातळ चकती) राहून गेले असेल, तर त्याही मापात फरक पडतो.

पिनियन तपासताना त्याच्यापुढचा वर्म, जो ऑइल पंप फिरवतो, तो उलट्या आट्याचा आहे हे लक्षात ठेवा. सुलट समजून जोर लावला तर आटे जातात.

दाते आपोआप बसतील हे मला पटत नाही. अशा कडक पोलादाचे दाते घासून जागा करून देत नाहीत. पृष्ठभागाची खवले निघतात आणि ती ऑइलबरोबर बिग एंडपर्यंत (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या बेअरिंगपर्यंत) जाऊ शकतात. जवळपासच्या कामापुरती गाडी चालवली तर लगेच काही मोडणार नाही, पण मी लांब जाणार नाही.

कृष्णाकाठ (कराड)

सर्वांचे मनापासून आभार. दोन रविवार या कामात गेले, त्याचा वृत्तान्त देतो.

क्लच दाबून आवाज बदलला नाही. चौथ्या गिअरमध्येही तो तसाच राहिला. स्क्रूड्रायव्हर लावल्यावर एक्झॉस्ट कॅमच्या स्पिंडलसमोर तो इतका धारदार होता की मी मान मागे घेतली. इनलेटसमोर तो होता, पण बोथट. टॅपेट तपासले तर इनलेटचा पुशरॉड फिरत नव्हता, किंचित आवळलेला होता. तो नीट केला. आवाजात फरक पडला नाही, पण आयडल थोडे स्थिर झाले. पुशरॉड यांचा आग्रह त्यामुळे माझ्या उपयोगी पडला, कारण तसाच आवळलेला राहिला असता तर व्हॉल्व्ह पुढेमागे जळला असता.

मग कव्हर उघडले. फिल्टरचे फेल्ट काढून उन्हात धरले तेव्हा त्यात चांदीच्या भुकटीसारखी चमक दिसली, फार नाही पण स्पष्ट. पुशरॉड काढल्यावर चार खुणांवर मोकळीक पाहिली. आधी बोटांनी पाहिले आणि नंतर एका मित्राकडून डायल गेज आणून मोजले. एक्झॉस्ट कॅमच्या तीन खुणांवर ०.०८, ०.०६ आणि ०.०५ मिमी मिळाले. चौथ्या खुणेवर काटा हललाच नाही. तिथे चाक फिरवतानाही हाताला किंचित अडथळा लागत होता, आणि नेमक्या त्या भागातल्या पाच-सहा दात्यांवर दोन्ही बाजूंना घासल्याची चकाकी होती. बाकीच्या दात्यांवर ती फक्त एका बाजूला होती. इनलेटच्या जोडीत चारही ठिकाणी मोकळीक ठीक होती.

आता प्रश्न असा की दोष गिअरमध्ये आहे की स्पिंडलमध्ये, हे कसे ठरवावे?

उद्यमनगर (कोल्हापूर)

आपण फार नीट काम केले आहे. दोन्ही बाजूंना घासलेले दाते हा अगदी बोलका पुरावा आहे; पुरेशी मोकळीक असलेल्या दात्याची मागची बाजू इतकी चकाकत नाही.

उत्तर सोपे आहे, कारण स्पिंडल स्थिर असते आणि गिअर फिरतो. कॅम काढून पिनियनच्या तुलनेत पाव फेरी फिरवून पुन्हा बसवा. या तपासणीपुरत्या टायमिंगच्या खुणा जुळण्याची गरज नाही, कारण पुशरॉड बाहेर आहेत. इंजिन मात्र चुकूनही चालू करू नका. घट्ट जागा गिअरवरच्या त्याच खडूच्या खुणेबरोबर फिरली, तर दोष कॅमच्या गिअरमध्ये आहे. ती गिअरबरोबर न फिरता पिनियनच्या ठरावीक दात्यांपाशी येत राहिली, तर पिनियन तपासावे. स्पिंडल चुकीच्या अंतरावर असते तर चारही खुणांवर सारखेच घट्ट लागले असते. जाता जाता स्पिंडल केसिंगमध्ये हलत नाही ना, हेही पक्के करा; अॅल्युमिनियममधले दाबून बसवलेले पोलादी स्पिंडल जुन्या इंजिनात ढिले झालेले मी पाहिले आहे.

कृष्णाकाठ (कराड)

घट्ट जागा खडूच्या खुणेबरोबरच फिरली. तीन वेगवेगळ्या ठिकाणी बसवून पाहिले, तिन्ही वेळा तेच. स्पिंडल घट्ट आहे. दुकानदाराला डायल गेजवरचे माप दाखवले, तेव्हा त्यांनी विनातक्रार आणखी तीन एक्झॉस्ट कॅम घरी नेऊन पाहायला दिले. पहिला सगळीकडे ढिला, ०.१५ मिमीच्या आसपास. दुसऱ्याला एका बाजूला पुन्हा तीच अडचण, फक्त थोडी कमी. तिसरा चारही खुणांवर ०.०६ ते ०.०८ मिमीमध्ये राहिला. तो ठेवला.

खुणा जुळवून, नव्या पॅकिंगसह कव्हर बसवले. कव्हर आत जाताना पंपाचा स्पिंडल वर्मवर अडकतो, तेव्हा ठोकण्याऐवजी मागचे चाक हळू फिरवत कव्हर हातानेच आत घेतले. फेल्ट नवे घातले, फिल्टरची जागा ऑइलने भरून घेतली, २०डब्ल्यू-५० नवे ऑइल टाकले, आणि इंजिन सुरू केल्यावर रॉकरकडे जाणाऱ्या नळीचा बोल्ट जरा सैल करून ऑइल वरपर्यंत येत असल्याची खात्री केली.

आज सकाळी थंड इंजिनावर पहिल्या किकला गाडी सुरू झाली. तो चढता सूर नाही. आयडलवर दात्यांचा नेहमीचा मंद खळखळ आवाज आहे, जो लहानपणापासून ऐकत आलो आहे. वडील ओट्यावर बसले होते, त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "आता बरोबर वाजतीय."

घाटवाट (सातारा)

वाचून फार समाधान वाटले. एकच सूचना: खवले फिल्टरपर्यंत आलेली होती, म्हणून हे ऑइल आणि फेल्ट नेहमीच्या मुदतीची वाट न पाहता ३०० ते ५०० किलोमीटरवर बदला आणि काढलेले ऑइल पांढऱ्या भांड्यात घेऊन उन्हात तपासा. त्याच वेळी दोन्ही टॅपेट पुन्हा एकदा पाहा. नवा कॅम आणि नवा टॅपेट एकमेकांना रुळताना सुरुवातीला थोडे सेटिंग हलते. ते त्या एकदाच्या तपासणीनंतर स्थिर राहिले पाहिजे. एक्झॉस्ट पुन्हा पुन्हा ढिला पडू लागला तर इथे लिहा, मग कॅमवर खड्डे का पडले होते याकडे वळावे लागेल.